पूर्वेकडची खरखर

त्या गुरुवारी संध्याकाळी मी रेडिओवरून तासभर बोललो आणि ते कोणालाही ऐकू गेलं नाही. जाणारच नव्हतं. हे केंद्रावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं, फाटकावरच्या चौकीदारालासुद्धा. मलाच काय ते ठाऊक नव्हतं, आणि 'मला कोणी सांगितलं नाही' असं म्हणायचीही सोय नाही. सांगितलं होतं, आणि मी मान डोलावली होती.

हा आमच्या धंद्यातला रोग आहे. निवेदकाच्या कानावर हेडफोन असतो, समोर जाड काच असते, आणि काचेपलीकडून कोणी ना कोणी ओठ हलवत असतं. पुढच्या क्षणी लाल दिवा लागणार असतो. अशा वेळी 'काय म्हणालात?' असं विचारत बसलं तर कार्यक्रम बोंबलतो, म्हणून मान डोलवायची. पुढे पुढे मानेला सवयच लागते. या सवयीपायी मी बाजारातून नको असलेली फुलकोबी घरी आणलेली आहे आणि एका पूर्ण अनोळखी माणसाच्या लग्नाला जाऊन जेवूनही आलेलो आहे.

आमचं केंद्र केळापूर तालुक्यात, गावाबाहेरच्या टेकाडावर. एक बसकी इमारत, तिच्यामागे उंच लोखंडी टॉवर आणि चहूकडे कापसाची वावरं. ते कापसाच्या वाईट दिवसांतलंच एक वर्ष होतं. बुधवारी अवकाळी वादळ आलं, वीज नेमकी टॉवरच्या शेंड्यावर पडली आणि तिथल्या अँटेनाची वाट लागली. अँटेना म्हणजे टॉवरच्या चारही अंगांना, वरच्या टोकाशी बसवलेल्या चपट्या पेट्या. एकेक अंग एकेका दिशेला आवाज फेकतं. गुरुवारी दुपारी आमच्या इंजिनियरांनी खालचं यंत्र तपासायला घेतलं. असं तपासताना अँटेनाची केबल सोडवतात आणि यंत्राची सगळी शक्ती एका लोखंडी डब्यात सोडतात. यंत्राला वाटतं, आपण गावोगाव पोचतोय. प्रत्यक्षात सगळं त्या डब्यात जातं, डबा तापतो आणि संपलं. स्टुडिओतल्या स्पीकरवर मात्र सगळं ठणठणीत वाजत राहतं, कारण त्याला आवाज यंत्राकडून मिळतो, हवेतून नाही. तो वाजताना ऐकून मी समजलो, दुरुस्ती झाली.

तर त्या संध्याकाळी मी त्या डब्याला हवामान सांगितलं. डब्याला कापसाचे भाव सांगितले, बोंडअळीबद्दल सावध केलं, त्याच्या फर्माईशीची गाणी लावली आणि शेवटी जरा जास्तच जिव्हाळ्यानं त्याचा निरोप घेतला. बाहेर आलो तर इंजिनियर दारातच उभे. दारव्ह्याकडचा माणूस, माझ्याहून थोडा मोठा, मिशीत हसणारा.

"कोनाले सांगून राह्यलते साहेब?"

"म्हणजे?"

"अजी, हवेत काहीच नाही ना आज. मी काचेतून तुम्हाले सांगतलं, यंत्र डब्यावर टाकलं, आज गाणीबिणी काही नाही. तुम्ही हो म्हनले."

"मी हो म्हणतोच."

"मले वाटलं, सरावासाठी बसले असान. पन बोलले झकास, बरं का. डबा खूश झाला."

मीही हसलो. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "फोन वगैरे आला का कोणाचा? आवाज येत नाही म्हणून?"

"नाही बाप्पा. कोनाचाच नाही."

ते मात्र मला लागलं. एवढा मोठा तालुका, पलीकडे वणीपर्यंतचा मुलूख, आणि एक माणूस उठून म्हणत नाही की आज रेडिओ कुठे गेला.

प्रशिक्षणात आम्हाला एक गोष्ट शिकवली होती. हजारो लोकांशी बोलतोय असं समजू नका, आवाज भाषणासारखा होतो. समोर एकच माणूस बसलाय असं समजा आणि त्याच्याशी बोला. प्रत्येक निवेदक आपापला माणूस शोधून ठेवतो. आमच्याकडचा एक जण त्याच्या मेलेल्या काकांशी बोलायचा, म्हणून त्याच्या कार्यक्रमाला एक अदब होती. माझा माणूस म्हणजे माझी बायको. ती राजूरला, कोळशाच्या खाणीजवळच्या वस्तीत एका शाळेत शिकवायची. तिची नोकरी तिकडे, माझी इकडे, मुलगी शिकायला अमरावतीला. एका घराचे तीन तुकडे तीन गावांत पडलेले. मी आठवडाभर केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायचो, स्वतःच्या हातची खिचडी खायचो आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं राजूरला जायचो. जाताना शर्टावर कापसाचे तंतू असायचे, येताना कॉलरवर कोळशाची काजळी.

मधल्या दिवसांत आमचं बोलणं म्हणजे ही संध्याकाळची एक बाजू. मी इथून 'नमस्कार' म्हणायचो तेव्हा डोळ्यांसमोर तिचा तो स्वयंपाकघरातला फडताळावरचा रेडिओ असायचा. 'उद्या थंडीचा कडाका वाढेल' हे मी सगळ्या जिल्ह्याला सांगायचो, पण ते मुळात असायचं एकीला, की बाई, गोधडी काढ. ती ऐकायची. दर शनिवारी मी चपला काढता काढता विचारायचो, "कसे झाले कार्यक्रम?" आणि ती म्हणायची, "छान झाले." दर सोमवारी इंजिनियर मला विचारायचे, "राजूरकडे कसं येते साहेब?" मी सांगायचो, "एकदम स्पष्ट. घरी रोज लागतं." ते समाधानानं पुढच्या कामाला लागायचे.

मी स्वतः घरी कधी रेडिओ लावत नसे. मिठाईच्या दुकानातला माणूस सुट्टीच्या दिवशी पेढा खात नाही, तसंच ते. तीही म्हणायची, "पाच दिवस ऐकते ना तुम्हाले. आज तरी राहू द्या."

त्या शनिवारी मी फार खुशीत निघालो. फजिती स्वतःची असली तरी ती सांगण्यासारखी होती, आणि सांगण्यासारखी गोष्ट हाती लागली की मला धीर धरवत नाही. एसटीत खिडकीशी बसून मी ती डब्याची गोष्ट वणी येईपर्यंत घासूनपुसून तयार केली. आधी तिला विचारायचं, 'गुरुवारचा कार्यक्रम कसा झाला?' ती म्हणणार, 'गुरुवारी तर काहीच आलं नाही.' मग मी म्हणणार, 'का आलं नाही, ते ऐक.' आणि मग मान, काच, डबा, सगळं क्रमानं.

घरी पोचलो. तिनं पाणी दिलं. मी चेहरा शक्य तितका भोळा करून विचारलं, "गुरुवारचा कार्यक्रम कसा झाला?"

"छान झाला," ती म्हणाली. "नेहमीसारखा."

मी पेला तसाच धरून बसलो.

"आवाज जरा बसल्यासारखा वाटला तुमचा," ती पुढे म्हणाली. "थंडी लागली का? मफलर नेत जा ना."

"आणि काल?"

"कालचाही छान."

काल तर केंद्र रीतसर बंद होतं. मी त्या वेळी क्वार्टरमध्ये कांदा चिरत होतो.

माझ्या खिशात एक अख्खी तयार गोष्ट होती आणि ती आता कोणालाच सांगता येत नव्हती. मी म्हणालो, "हो, मफलर न्यायला पाहिजे." तिनं वांग्याची भाजी केली होती, मी दोनदा घेतली. रविवारी शाळेतल्या मुलांच्या कवायतीबद्दल ती बराच वेळ सांगत होती आणि मी मान डोलवत होतो.

सोमवारी टेकाडावर परत आलो. नवा अँटेना यायला वेळ लागणार होता, आणि यंत्र असं पडून राहिलं तर बिघडेल म्हणून इंजिनियर ते रोज संध्याकाळी थोडा वेळ डब्यावर चालवायचे. त्यांना त्यावर काही तरी आवाज लागायचा. "वाचा काही बी," ते म्हणायचे. मी वाचायचो. आता मला पक्कं ठाऊक होतं की कोणी ऐकत नाही, पण त्याचं एवढं काही वाटत नव्हतं. मला सुचत नव्हतं ते वेगळंच. 'नमस्कार' म्हणायचं तर कोणाकडे पाहून म्हणायचं? त्या फडताळापाशी आता कोणी उभं नव्हतं. मी तिथे दुसरं कोणी बसवून पाहिलं. माझी मुलगी बसवली, पण ती मनातल्या मनातही अभ्यासाला उठून गेली. आमचे जुने हेडमास्तर बसवले, तर माझी बाराखडी अडखळायला लागली.

त्यात ते दिवस तसे. फर्माईशीची पत्रं आधीच कमी झाली होती. एकेका घराची सगळी नावं मला पाठ होती, ओळीनं, आजोबांपासून तान्ह्यापर्यंत. अलीकडे त्यातलं एखादं नाव गळलेलं असायचं. मी उरलेली नावं वाचायचो आणि गाणं लावायचो. विचारायची सोय नव्हती.

दोन शनिवार मी घरी गेलो नाही. वस्तीतल्या किराणा दुकानात फोन होता, तिथे निरोप ठेवला की काम आहे. काम काय, तर टॉवरकडे पाहत बसणं.

अशाच एका दुपारी चहाला म्हणून गावात उतरलो. कापूस खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांची रांग लागलेली होती. रस्त्याच्या कडेनं वळसा घालून ती पार पेट्रोल पंपाच्या पुढे गेलेली. बाभळींना कापसाचे पुंजके लटकत होते. गाड्यांवरची माणसं कापसावरच झोपत, कापसावरच जेवत. टपरीवर मी चहा मागितला, तर बाकावरचा पटकेवाला बाजूच्याला सांगत होता, "भाव पाडाचा होता ना, म्हनून रेडिओ बंद केला यायनं. समजलाच नाही पायजे कोनाले."

"काही तरीच काय," मी म्हणालो. "वीज पडली टॉवरवर."

"तुमाले कसं ठावं?"

"मी तिथेच असतो. मीच सांगतो ना भाव."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी तेव्हाही असाच होतो, किरकोळ अंगाचा, चष्मा नाकावर घसरलेला.

"हा नोहे तो," तो बाजूच्याला म्हणाला.

"अरे, मीच आहे."

"तो आवाज कसा भारी हाय. छाती पायजे त्याले. म्हना बरं, 'शेतकरी बंधू-भगिनींनो.'"

आता चारचौघांत, हातात कप धरून, हे म्हणायचं म्हणजे. पण माझ्यातली हौस काही जात नाही. मी घसा साफ केला आणि म्हणालो. आजूबाजूच्या दोन-तीन गाड्यांवरची डोकी वर झाली.

पटकेवाल्यानं मान वाकडी करून ऐकलं. "नकल चांगली करता जी तुम्ही," तो म्हणाला. "पन तो वेगळा."

बाकावरचे सगळे हसले. मग तोच म्हणाला, "नाही पन, खरंच तिथं असान तं त्याले सांगजा, लवकर चालू कर म्हना. भाव काय, तो तं हाय तोच. पन संध्याकाळची करमत नाही."

मी 'सांगतो' म्हणालो. टेकाड चढताना माझा मला आनंद व्हायला हवा होता. फोन आला नसेल, पण ऐकणारा माणूस सापडला होता, तोही रांगेत बसून वाट पाहणारा. आणि तरी मला सारखं वाटत होतं की हे तिला सांगायला हवं, आणि मग आठवत होतं की कोणत्या तोंडानं.

नवा अँटेना ट्रकमधून आला, लाकडी खोक्यांत, पेंढ्यात गुंडाळून. नागपूरहून टॉवरवर चढणारी माणसं आली. ते सकाळीच चढायचे, वारा उठायच्या आत. आधी जुनं उतरवायचं होतं. वरून दोरानं एकेक पेटी खाली यायची, हेलकावे खात, आणि खालचे दोघं तिला दुसऱ्या दोरानं टॉवरपासून लांब धरून ठेवायचे. मी एका बाजूला उभा राहून 'सांभाळून, सांभाळून' म्हणायचो. एवढंच माझं काम होतं, आणि तेही कोणी सांगितलेलं नव्हतं.

पश्चिमेच्या पेट्या वीज पडून काळ्या झाल्या होत्या, एकीला तर मूठ जाईल एवढं भोक. दक्षिण-उत्तरेच्याही भाजलेल्या. पूर्वेच्या आल्या त्या मात्र बाहेरून धडधाकट होत्या. इंजिनियरांनी त्यातली एक हलवून पाहिली. आतून खळखळ आवाज आला. त्यांनी खालचा स्क्रू काढला, तर तांबूस, कुबट पाणी भळभळ त्यांच्या पायांवर सांडलं.

"हे पाहा," ते म्हणाले. "ही विजेनं नाही मेली. ही कधीचीच मेली."

"म्हणजे?"

"पाणी शिरलं ना आत. कैक पावसाळ्यांचं हाय हे. आतला सांधा पाहा, हिरवा पडून खाऊन गेला पुरा." त्यांनी दुसरी उघडली, तिच्यातही तेच. मग ते उठले, हात पुसले आणि पूर्वेकडे, वणीच्या अंगाला पाहत म्हणाले, "तिकडे तं काहीच जात नसन साहेब. नुसती खरखर. पन तुम्ही तं दर सोमवारी सांगत होते, एकदम स्पष्ट येते म्हनून. तुमच्या भरोशावर मी कधी तिकडे चक्करच नाही मारली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. हुशार माणूस. मिशीतलं हसू त्यांनी मिशीतच ठेवलं आणि स्क्रू हातात खेळवत म्हणाले, "वहिनीचा रेडिओ भारी दिसते कंपनीचा."

म्हणजे फक्त तो गुरुवार नव्हता. मला वाटत होतं की ती एखाद्या संध्याकाळी ऐकायची विसरली असेल, दमली असेल, मुलांच्या वह्या तपासण्यात अडकली असेल, आणि माझं मन राखायला दोन शब्द बोलली असेल. इथे तर कैक पावसाळ्यांचं पाणी निघालं. 'छान झाले', 'नेहमीसारखे', 'आवाज बसला होता', हे सगळं कशातून आलं? मी त्या फडताळाकडे पाहून थंडी सांगत होतो, पाऊस सांगत होतो, आणि तिकडे ती नव्हतीच. मग ती त्या वेळी कुठे असायची? काय करायची?

आणि माझ्या 'एकदम स्पष्ट'मुळे वणीकडच्या सगळ्या मुलखाचा रेडिओ मेलेला राहिला, तो वेगळाच. म्हणून तिकडून फोन येत नव्हते. येणार कसे?

नव्या पेट्या चढल्या. शेवटच्या दिवशी इंजिनियर म्हणाले, "आज संध्याकाळी हवेत सोडतो. चारी बाजूनं मानसं पाठवली मी, कसं येते ते पाहाले. पूर्वेकडे तुम्ही जा. आता सांगोवांगी नको."

हे ते अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाले.

निघायच्या आधी मी त्या दिवसाचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून ठेवला. काचेपलीकडे इंजिनियर, समोर माइक. मनात आलं, एखादं वाक्य घालावं. काही खास नको, नियमाबाहेरचं तर नकोच, पण तिला कळेल असं काही तरी. मग वाटलं, ज्या बाईनं आपलं काही ऐकलेलंच नाही, तिला ते कळणार कसं? मी भाव वाचले, हवामान वाचलं, बोंडअळीची माहिती वाचली. इंजिनियरांनी 'झकास' म्हणून अंगठा वर केला, आणि मी खिशातला रेडिओ घेऊन एसटी गाठली.

वणीच्या जरा अलीकडे कार्यक्रम सुरू झाला. रेडिओ कानाला लावून बसलो, तोच मागच्या सीटवरून खांद्यावर बोट आलं.

"काका, स्कोर काय झाला?"

"मॅच नाहीये."

"मंग काय ऐकून राह्यले एवढं?"

मी मलाच ऐकत होतो, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. "कापसाचे भाव."

"ते कायले ऐकता? ऐकून काय चढनार हाय?" त्यानं पुढे वाकून थोडं ऐकलं. "लयच बोलते हा मानूस."

"हो," मी म्हणालो. "सवय असते एकेकाला."

आवाज स्वच्छ येत होता. वणी आलं तरी येत होता, राजूरच्या जीपमध्ये बसलो तरी येत होता, ड्रायव्हरच्या टेपमधून गाणं वाजत होतं त्याच्या खालूनही येत होता. खाणीच्या चढावर थोडा थरथरला आणि परत सरळ झाला. मी खरं तर खूश व्हायला हवं होतं. पण मला सारखं वाटत होतं की आता दार उघडेल, ती म्हणेल, 'आज कसे आले मधल्या दिवशी?' आणि रेडिओ फडताळावर बंद असेल, त्यावर धूळ असेल.

वस्तीत शिरलो तेव्हा दिवस मावळत आला होता. त्या भागात स्वयंपाक कोळशाच्या शेगडीवर करतात, आणि धूर जाईपर्यंत शेगडी बाहेर अंगणात ठेवतात. आमच्याही अंगणात शेगडी धुमसत होती. तिच्याजवळ पाटावर ती बसलेली, आणि बाजूला, जमिनीवर, रेडिओ. त्यातून मी सांगत होतो की सापेक्ष आर्द्रता किती आहे.

मी फाटक लोटलं. तिनं मान वळवून पाहिलं, दचकली नाही, उठली नाही. मी 'अगं' म्हणायला तोंड उघडलं, तर तिनं ओठांवर बोट ठेवलं. मला गप्प करून ती मला ऐकत होती. मी पायरीवर बसलो. मग बोंडअळी आली, गाणी आली, मी सगळ्यांचा निरोप घेतला आणि रेडिओवर शांतता झाली. तिनं हात लांब करून तो बंद केला. तो बंद करायची तिची रीत फार सवयीची होती, न पाहता, बरोबर त्या बटनावर.

"लागला आज," ती म्हणाली.

"नवा अँटेना बसवला. पूर्वेकडचा जुना मेला होता."

"कवापासून?"

"ते तुलाच ठाऊक."

तिनं चिमट्यानं एक निखारा सरळ केला. धूर माझ्याकडे वळला आणि मला खोकला आला. "अँटेना तुम्ही बदलता काय?" तिनं विचारलं. "दोन शनवार आले नाही ते?"

"नाही. मी खाली उभा राहून सांभाळून म्हणत होतो."

ती थोडी हसली. मग म्हणाली, "पहिले येत होतं. तुमची तिकडे बदली झाली ना, तवा येत होतं चांगलं. मग एका पावसाळ्यात खरखर चालू झाली. मले वाटलं, आपलाच बिघडला. दुकानात नेला, तर तो म्हणे, बाई, रेडिओ बरोबर आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होती. तुम्ही शनवारी आले, चपला काढता काढता विचारलं, कसे झाले. असं तोंड करून विचारलं." तिनं चिमटा खाली ठेवला. "मी म्हटलं, छान झाले. मग दुसऱ्या शनवारी तेच म्हणावं लागलं. मग काय, लागलीच सवय."

शेजारच्या अंगणात कोणी तरी शेगडी आत नेली. खाणीवरचा भोंगा वाजला आणि पाळी सुटलेल्या कामगारांच्या सायकली रस्त्यावरून जायला लागल्या.

"मग त्या वेळी काय करायचीस तू?" मी शेवटी विचारलं. "संध्याकाळी?"

"काय करणार? लावून बसत होती. तुमची वेळ झाली की लावायचा, तुमची वेळ संपली की बंद करायचा."

"नुसती खरखर?"

"हो."

मला उद्या इंजिनियरांना सांगायचं होतं, आणि दुसरं काही विचारायचा धीर नव्हता, म्हणून मी तेच विचारलं. "पण आज नीट आलं ना? सगळं स्पष्ट?"

तिनं शेगडी उचलली, आत जाता जाता दारात थांबली, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आलं ना, एकएक शब्द आला. भाव आले, हवा आली, ते अळीचंही आलं. पण माह्यासाठी त्यात काही नव्हतं. खरखर होती तवा मी मनानंच भरत होती तुमचं बोलणं. त्यात तुम्ही रोज विचारत होते, जेवली का म्हणून."